लेकीच्या सायकलचा नट तुम्ही कधी पाहिलात?

घरातल्या किती गोष्टींवर बाईची नजर असते, नाही का मैत्रिणींनो! कुकरची शिट्टी वेळेवर झाली नाही की आपण आधी झाकणाचं रबर पाहतो. गॅसची नळी कडक वाटली की बदलून घेतो. शिलाई मशीन खडखड करू लागलं की तेलाचे दोन थेंब सोडतो आणि सैल स्क्रू आवळतो. मिक्सरचं भांडं नीट बसलं नसेल तर बटण दाबायच्या आधीच हात थांबतो. हे कुणी वर्ग भरवून शिकवलेलं नसतं. वापरता वापरता ते अंगवळणी पडतं.

पण दारात अशी एक वस्तू उभी असते, की जिच्यावर बसून आपलं लेकरू रोज भर रस्त्यावर जातं, आणि तिच्याकडे आपण नीट बघतो ते वर्षातून एकदाच, दसऱ्याला! त्या दिवशी सायकल धुतो, पुसतो, हळदीकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. हार घालताना चाकाच्या मधोमध असलेले ते दोन नट घट्ट आहेत की नाहीत, हे कधी पाहिलंत?

“अहो, आम्हाला काय कळतं त्यातलं? ते पुरुषमाणसांचं काम,” असं तुमच्यातल्या बऱ्याच जणी म्हणतील. पण होतं काय, की वडील म्हणतात, मुलं बघत असतील. मुलगा हवा भरतो आणि निघतो. मुलगी तर नुसती बसते आणि पायडल मारते. दुकानदाराने एकदा सायकल दिली की त्याचा संबंध संपला. म्हणजे घरात चार माणसं असून त्या नटाला वाली कुणीच नाही! म्हणूनच आज हा विषय तुमच्यापुढे मांडते आहे.

राणीसावरगावच्या वाटेवरची सायकल

परभणी जिल्ह्यात, संत जनाबाईंच्या गंगाखेड तालुक्यात राणीसावरगाव हे गाव आहे. रेणुकादेवीच्या मंदिरामुळे त्याचं नाव तुमच्या कानावर असेल. गोदावरीकाठची सपाट काळी जमीन मागे टाकून दक्षिणेकडे निघालं, की बालाघाटच्या डोंगररांगेचा भाग लागतो. चढउताराचा रस्ता, आणि दोन्ही बाजूंना वाड्या नि तांडे. अशा भागात मोठ्या गावची शाळा ही आजूबाजूच्या कितीतरी लहान वस्त्यांची शाळा असते. आठवीनंतर मुलीला शिकवायचं तर रोजची वाट तुडवणं आलंच.

ही वाट सोपी व्हावी म्हणून महाराष्ट्रात दोन-तीन सोयी झाल्या. मुलींना एसटीचा मोफत पास मिळाला. मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी निळ्या बस सुरू झाल्या. आणि याच कार्यक्रमातून गरजू मुलींना सायकलीही मिळू लागल्या. २०११ साली हा कार्यक्रम २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत नेण्यात आला आणि त्यात परभणी जिल्हा आहे. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीत शिकणाऱ्या गरजू मुलीला सायकलसाठी पैसे मिळतात. पूर्वी ही रक्कम ३,५०० रुपये होती, २०२२ साली ती ५,००० रुपये झाली. पैसे खात्यात येतात आणि सायकल आपली आपण घ्यायची असते.

यातली एक गोष्ट मात्र आयांनी नीट लक्षात घ्यायला हवी. ही मदत त्या सगळ्या वर्षांत एकदाच मिळते. म्हणजे आठवीत घेतलेली सायकल बारावीपर्यंत चालायला हवी.

आता जरा हिशेब करू या. शाळा पाच किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन दहा किलोमीटर. वर्षात दोनशेच दिवस शाळा धरली तरी दोन हजार किलोमीटर होतात. परभणीहून मुंबईला दोनदा जाऊन परत यावं, जवळजवळ तेवढं! सव्वीस इंची लेडीज सायकलचं चाक एका फेऱ्यात दोन मीटरच्या थोडं पुढे जातं. म्हणजे एका दिवसात ते साडेचार ते पाच हजार वेळा फिरतं. खड्डे, गिट्टी, गतिरोधक, पावसाळ्यातला चिकट चिखल आणि हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्याच्या कडा, हे सगळं त्या दोन नटांच्या जिवावर पार पडतं.

सायकल थांबली की शाळा थांबते

मुलीच्या हाती सायकल आली की काय होतं, हे बिहारने साऱ्या देशाला दाखवलं. तिथे २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्या योजनेचा अभ्यास केला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, योग्य वयात माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण या योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढलं. सर्वांत जास्त फरक पडला तो शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत.

पण याची दुसरी बाजू तुम्ही-आम्ही घरात बसून ओळखतो. मुलगा सायकलवरून पडला तर आपण काय म्हणतो? “पडेल, उठेल, शिकेल.” मुलगी पडली, दात तुटला, कपाळावर टाके पडले, तर घरात निराळंच बोलणं सुरू होतं. “बस झाली आता शाळा. दिसेल कशी उद्या? कोण करील हिला?” आजी बोलते, चुलते बोलतात, आणि आईला तोंड उघडायला जागा राहत नाही. सायकल भिंतीला टेकते आणि पाठोपाठ दप्तरही खुंटीला लागतं.

एका सैल नटावरून केवढी गोष्ट जाऊ शकते, पाहा! म्हणून म्हणते, हा नट स्वयंपाकघरातल्या रबरापेक्षा कमी महत्त्वाचा मानू नका.

चाक निखळतं म्हणजे नक्की काय होतं?

सायकलच्या पुढच्या बाजूला दोन पायांसारखा जो भाग खाली आलेला असतो, त्याला मिस्त्री चिमटा म्हणतात. चिमट्याच्या दोन्ही टोकांना खाली उघड्या खाचा असतात. चाकाच्या मधून जाणारी लोखंडी दांडी, म्हणजे एक्सल, त्या खाचांत बसते. दोन्ही बाजूंनी वाशर घालून नट आवळलेले असतात. झालं! पुढचं चाक एवढ्यावरच उभं असतं.

आता तुम्ही विचाराल, की नट सैल झाला तर चाक लगेच का पडत नाही? कारण सायकलचं आणि बसणाऱ्याचं वजन चिमट्याला वरून खाली दाबत असतं, त्यामुळे दांडी खाचेतच राहते. सपाट रस्त्यावर सैल चाक कितीतरी दिवस बिनबोभाट चालतं. खरा धोका असतो तो चाक जमिनीवरून उचललं जातं तेव्हा. गतिरोधकावरून उडी बसली, खड्ड्यातून पुढचं चाक वर आलं, किंवा मुलांनी हौसेने हॅन्डल उचललं, की वजन निघून जातं आणि चाक स्वतःच्या भाराने खाचेतून खाली सुटतं. मग चिमट्याची टोकं थेट रस्त्यात रुततात, सायकल जागच्या जागी थांबते आणि बसणारी हॅन्डलवरून पुढे फेकली जाते. हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही. मार बसतो तो तोंडाला, दातांना, डोक्याला नाहीतर गळ्याजवळच्या हाडाला.

मागच्या चाकाचं थोडं वेगळं आहे. तिथला नट सैल झाला तर चेनच्या ओढीने चाक तिरकं होतं आणि टायर एका बाजूला घासू लागतो. चेन वारंवार पडते. म्हणजे मागचं चाक निदान तक्रार तरी करतं. पुढचं चाक बहुतेकदा गप्प असतं, म्हणून आपणच त्याची चौकशी करायची.

घट्ट केलेला नट सैल का होतो?

पहिलं कारण म्हणजे नवी सायकल. आपल्याला वाटतं, कोरी करकरीत सायकल, तिला काय होणार! पण सायकली कारखान्यातून बहुधा सुट्या भागांत येतात आणि दुकानात जोडल्या जातात. शाळा सुरू व्हायच्या सुमारास गर्दी असते. घाईत एखादा नट बोटाने फिरवून तसाच राहून गेला तर बाहेरून दिसत नाही. शिवाय नव्या चाकातल्या तारा पहिल्या काही आठवड्यांत ताणून आपापल्या जागी बसतात आणि थोड्या सैल पडतात. म्हणून नवी सायकल महिनाभर चालवली की एकदा पुन्हा दुकानात न्यायची आणि सगळं आवळून घ्यायचं.

दुसरं कारण म्हणजे चाक काढून पुन्हा बसवणं. साधं पंक्चर काढताना मिस्त्री बहुधा चाक काढत नाही, ट्यूब बाहेर ओढून काम भागवतो. पण टायर बदलला, तार बसवली, चाकाचा आउट काढला किंवा ओव्हरऑइलिंग केलं, की चाक निघालेलं असतंच. मागे कॅरिअर किंवा स्टॅण्ड बसवताना मागचे नट सैल करावे लागतात. अशा प्रत्येक कामानंतर पाना फिरला की नाही ते पाहायलाच हवं.

तिसरं कारण वाशरचं. नटाखालची ती चपटी चकती हरवते, आणि “काही बिघडत नाही” म्हणत नट तसाच बसवला जातो. वाशर नसली की नट रंगावर घसरतो आणि हादऱ्यांनी फिरतो. काही सायकलींना वाकड्या टोकाची वाशर असते. तिचं टोक चिमट्याच्या एका लहानशा भोकात अडकवायचं असतं, म्हणजे नट सैल झाला तरी चाक एकदम खाली पडत नाही. ही बारीकशी वस्तू बिनकामाची समजून फेकून देऊ नका, आणि मिस्त्रीलाही फेकू देऊ नका.

चौथं कारण, आटे गेलेले असणं. नट फिरतच राहतो, घट्ट होतच नाही, तेव्हा आतले आटे झिजलेले असतात. तिथे जोर करून उपयोग नाही. नवा नट घ्यायचा, आणि दांडीचेच आटे गेले असतील तर दांडीच बदलायची.

नेलपॉलिशची एक रेघ

आता एक अगदी घरगुती युक्ती सांगते. नट नीट आवळून झाले की नटावरून चिमट्यावर येईल अशी नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. लाल, गुलाबी, असेल ती. वाळू द्या. पुढे रोज सायकल बाहेर काढताना तिकडे नुसतं पाहायचं. रेघ सरळ जुळलेली असेल, तर नट जागचा हललेला नाही. नटावरचा तुकडा एकीकडे आणि चिमट्यावरचा दुसरीकडे दिसला, तर नट फिरलाय!

यंत्रांच्या कारखान्यांतही आवळलेल्या नटांवर अशी खुणेची रेघ मारतात. काही ट्रक आणि बसगाड्यांच्या चाकांवर तुम्ही पिवळे प्लास्टिकचे छोटे बाण पाहिले असतील, त्यांचंही काम हेच. नट फिरला की बाणाची दिशा बदलते. आपला बाण म्हणजे ही नेलपॉलिशची रेघ. लहान मुलीलासुद्धा ती वाचता येते.

दर रविवारी पाच मिनिटं

कापडावर धावदोरा घालताना सुई कशी खाली-वर जाते? सायकलवरून नजरही तशीच न्यायची. पुढच्या चाकापासून सुरुवात, तिथून वर हॅन्डल, मग खाली पायडल, पुन्हा वर सीट आणि शेवटी खाली मागचं चाक. या क्रमाने गेलात तर काही राहून जात नाही.

१. पुढचं चाक: दोन्ही नट पाहा, रेघ पाहा. हॅन्डल धरून पुढची बाजू वीतभर उचला आणि हळूच आपटा. खडखड आवाज आला तर काहीतरी सैल आहे. मग टायर वरून धरून डावीउजवीकडे हलवा. चिमट्यात दांडीच हलत असेल तर नट सैल आहे. दांडी स्थिर असून चाक मात्र डुगडुगत असेल, तर आतला कोन सैल झाला आहे किंवा छर्रे झिजले आहेत. पहिलं काम पान्याने घरी होतं, दुसरं मिस्त्रीकडे न्यायचं.

२. चाकाच्या तारा: शेजारशेजारच्या दोन दोन तारा चिमटीत धरून दाबा. एखादी लुळी लागली किंवा तुटलेली दिसली तर थांबू नका. एक तार गेली की तिचा भार शेजारणीवर पडतो, मग तीही जाते आणि चाक आउट होतं. चाक उचलून फिरवा. ते ब्रेकच्या रबराला एकाच जागी घासत असेल तर आउट निघालाय असं समजा.

३. हॅन्डल आणि ब्रेक: पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरा आणि हॅन्डल फिरवून पाहा. चाक जागेवर राहून हॅन्डल एकटंच फिरलं, तर ते आवळून घ्यायला हवं. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. ती सरकता कामा नये.

४. पायडल: दोन्ही पायडल हातांनी हलवून पाहा. इथे एक गंमत लक्षात ठेवा. चाकांचे नट नेहमीसारखेच असतात, म्हणजे नटाकडे तोंड करून बाटलीच्या झाकणासारखं उजवीकडे फिरवलं की घट्ट. उजवं पायडलही तसंच. डाव्या पायडलचे आटे मात्र उलटे असतात, ते डावीकडे फिरवलं की घट्ट होतं. हे ठाऊक नसलं की माणूस आवळायला जातो आणि सोडवून बसतो.

५. सीट आणि मागची बाजू: सीट हलते का, कॅरिअरचे स्क्रू जागेवर आहेत का, मागचं चाक दोन्ही बाजूंच्या नळ्यांच्या बरोबर मध्ये आहे का, तेवढं पाहा. ओढणी किंवा साडीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला जाळी असेल तर ती सैल होऊन तारांना लागत नाही ना, हेही पाहून घ्या. सायकलवर बसताना ओढणीची टोकं मागे गाठ मारून घेण्याची सवय मुलीला लावा.

यासाठी घरात काय लागतं? नटाला बरोबर बसेल असा एक पाना. पकडीने नट फिरवू नका, त्याचे कोपरे झिजतात आणि पुढे पानाही लागत नाही. पाना घेताना सायकल दुकानात नेऊन नटावर लावून पाहा. आवळताना एकदा डावा, एकदा उजवा असं करत दोन्ही नट थोडे थोडे घट्ट करा, म्हणजे चाक मधोमध बसतं. मनगटाचा चांगला जोर लागला पाहिजे. पण पान्यावर उभं राहून नाचायचं मात्र नाही, त्याने आटे जातात!

गिअरच्या सायकलीचा खटका

तुमच्यापैकी कित्येकींच्या घरी मुलाने हट्टाने गिअरची, डिस्क ब्रेकची सायकल घेतली असेल. तिच्या पुढच्या चाकाला पुष्कळदा नट नसतोच, एक छोटा दांडा असतो. खटका उघडला की चाक हातात.

या खटक्याची कथा सांगतात ती अशी. इटलीतला तुल्लिओ कांपान्योलो हा सायकलपटू १९२७ साली डोंगरातल्या एका शर्यतीत होता. थंडीने बोटं गारठली आणि त्याला चाकाचे नट काही केल्या सोडवता येईनात. त्यातून पान्याशिवाय सुटणाऱ्या चाकाची कल्पना त्याच्या मनात आली आणि १९३० च्या सुमारास असा खटका तयार झाला. त्याच्या घटकेला नट सुटत नव्हता म्हणून अडलं, आपल्याला मात्र तो आपोआप सुटू नये याची काळजी!

हा खटका बरेच जण चुकीचा लावतात. दांडा पेचासारखा गोल फिरवून घट्ट करतात आणि झालं असं समजतात. तो तसा नसतो. समोरच्या बाजूचं बोंडूक फिरवून ताण ठरवायचा आणि मग दांडा दाराच्या कडीसारखा दाबून बंद करायचा. अर्ध्या वाटेवर तो विरोध करू लागला पाहिजे, आणि पूर्ण बंद करताना तळहातावर त्याची खूण उमटली पाहिजे. सहज मिटला तर सैल आहे.

या छोट्याशा दांड्याचा घोर मोठ्या कंपन्यांनाही लागला आहे. अमेरिकेतल्या ट्रेक कंपनीने २०१५ साली डिस्क ब्रेकच्या जवळजवळ दहा लाख सायकली दुरुस्तीसाठी परत मागवल्या. कारण एवढंच, की खटका उघडा राहिला तर त्याचा दांडा फार मागे जाऊन पुढच्या डिस्कमध्ये अडकू शकत होता. तीन अपघातांची नोंद झाली होती. त्यांतल्या एका माणसाचे हातपाय कायमचे लुळे पडले. तेव्हा घरात अशी सायकल असेल तर चाक बसवल्यावर खटका पूर्ण मिटलेला आहे ना, आणि त्याचा दांडा डिस्कच्या विरुद्ध बाजूला आहे ना, हे जरूर बघा.

मिस्त्रीशी बोलायला लाजू नका

सायकलच्या दुकानात बाई उभी राहिली की तिलाच संकोच वाटतो. पण भाजीवाल्याला “वजन नीट कर रे” म्हणताना आपण लाजतो का? तसंच इथेही म्हणायचं. “मामा, चाक काढलं होतं ना? मग दोन्ही नट माझ्यासमोर पुन्हा आवळा. वाशर घातलीत का तेवढं दाखवा.” चांगला मिस्त्री यावर रागावत नाही. उलट हे गिऱ्हाईक बघणारं आहे हे त्याला कळतं आणि पुढच्या वेळी तो आपणहून दाखवतो.

वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंग करून घ्या. पावसाळा संपल्यावर केलेलं बरं, कारण चिखलपाणी हबमध्ये जाऊन आतलं ग्रीस धुऊन निघतं. दसऱ्याच्या आधी हे काम उरकलंत, तर पूजेच्या दिवशी सायकल खरोखरीच हाराच्या मानाची होईल.

रस्त्यात काही वाटलंच तर

हे मात्र मुलीला बसवून समजावून सांगा. हॅन्डल एकीकडे ओढू लागलं, पुढून नवा खडखडाट आला, चाक डुगडुगल्यासारखं वाटलं किंवा ब्रेक अचानक घासू लागला, तर “शाळेत पोचू आणि मग पाहू” म्हणायचं नाही. पुढचा ब्रेक जोरात दाबायचा नाही. पायडल मारणं थांबवून मागच्या ब्रेकने हळूहळू वेग कमी करायचा, कडेला उतरायचं आणि उरलेली वाट सायकल हातात धरून चालायची. “उशीर झाला तर बाई रागावतील,” ही तिची खरी भीती असते. तेव्हा तिला आधीच सांगून ठेवा, “उशीर झाला तर मी बाईंशी बोलेन, तू आपली उतर.” एवढ्या शब्दाने लेकरू निर्धास्त होतं.

आणि एवढं करूनही कुणी पडलंच, डोक्याला मार लागलाच, तर वरून जखम दिसत नाही म्हणून स्वस्थ बसू नका. उलट्या होणं, गुंगी येणं, असंबद्ध बोलणं, डोकं वाढत्या प्रमाणात दुखणं, यांतलं काहीही दिसलं तर हळद लावून निजवू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. डोक्यावर हेल्मेट असेल तर फारच चांगलं. “मैत्रिणी हसतात” म्हणून मुली ते घालत नाहीत, पण दोघी-तिघींनी मिळून घातलं की हसणं आपोआप थांबतं.

पाना कुणाच्या हाती?

हे सगळं आईनेच जन्मभर करायचं का? मुळीच नाही. पहिले चार रविवार तुम्ही करा आणि लेकीला शेजारी बसवा. पाचव्या रविवारी पाना तिच्या हातात द्या आणि तुम्ही नुसतं बघा. नट कोणत्या बाजूला फिरतो, तार कशी दाबायची, रेघ कशी वाचायची, हे तेरा वर्षांच्या मुलीला एका बैठकीत येतं. मग ती मैत्रिणीच्या सायकलचाही नट पाहील आणि वाडीवरून निघणाऱ्या चौघींची वाट सुखाची होईल. मुलालाही यातून सोडू नका बरं का. बहिणीच्या सायकलची हवा भरताना त्याने नटाकडेही बघायला काय हरकत आहे?

येत्या रविवारी सकाळचा चहा झाला की सायकल अंगणात घ्या. पाना नसेल तर शेजारच्या वहिनींकडून मागून आणा, आणि परत देताना त्यांच्या सायकलचेही नट बघून या. नेलपॉलिशची बाटली मात्र आठवणीने सोबत ठेवा!